शांततेला जामीन कोण?

श्रोतेहो, खेड्यात कुणाला सोसायटीचं कर्ज काढायचं झालं की पहिला प्रश्न येतो, "जामीन कोण राहणार?" घेणारा कितीही भला असो, नुसत्या भलेपणावर काम होत नाही. त्याच्यासाठी आणखी कुणीतरी सही करावी लागते. आणि त्यानं बुडवलं तर ते आपल्या अंगावर येईल, हे समजून करावी लागते. धर्माधर्मांत तेढ माजली असता समेट कसा घडवायचा, हा आजचा आपला विषय आहे. पुष्कळांची समजूत अशी की समेट म्हणजे गोड बोलणं. सगळे धर्म सारखेच, असं व्यासपीठावरून सांगितलं की झालं! त्यात वाईट काही नाही म्हणा. पण १९४७ साली गांधीजींनी कलकत्त्यात, म्हणजे आताच्या कोलकात्यात, जे केलं ते याहून निराळं होतं. त्यांनी जामीन मागितले.

आधीची हकीकत थोडक्यात सांगतो. १६ ऑगस्ट १९४६ रोजी कलकत्त्यात दंगल पेटली आणि चार दिवसांत हजारो माणसं मेली, हिंदू मेले तसे मुसलमानही मेले. ऑक्टोबरात पूर्व बंगालच्या नोआखालीत हिंदूंवर अत्याचार झाले, पाठोपाठ बिहारात मुसलमानांवर. बंगालचे मुख्यमंत्री तेव्हा मुस्लिम लीगचे शहीद सुऱ्हावर्दी होते, आणि कलकत्त्याचे हिंदू त्या रक्तपाताचा दोष त्यांच्याच माथी मारत होते.

९ ऑगस्ट १९४७ ला गांधीजी कलकत्त्यात आले, ते नोआखालीला जाण्याच्या वाटेवर. फाळणी ठरली होती. शहरातलं पारडं आता फिरलं होतं. काल जे दबून होते ते आज सूड घेऊ पाहत होते, आणि मुसलमान भ्यालेले होते. त्यांचे पुढारी आले आणि म्हणाले, दोन दिवस तरी थांबा. गांधीजींनी अट घातली. मी इथे थांबतो, पण नोआखालीत हिंदूंच्या केसालाही धक्का लागणार नाही याची हमी तुम्ही द्यायची. तिथे काही घडलं तर मी आमरण उपोषण करीन.

मंडळी, हा व्यवहार नीट पाहा. कलकत्त्याच्या मुसलमानाला त्यांनी नोआखालीच्या हिंदूला जामीन ठेवलं, आणि कलकत्त्याच्या मुसलमानासाठी आपण स्वतः जामीन राहिले. एकमेकांवर प्रेम करा, असं त्यांनी आरंभी सांगितलंच नाही. ज्याच्या शब्दाला जिथे वजन आहे, त्यानं तिथला भार उचलावा, एवढंच मागितलं.

मग सुऱ्हावर्दी आले. त्यांनाही तसंच सांगितलं. माझ्याबरोबर एका छपराखाली राहा, पोलिसांचा पहारा न घेता, शांतता होईपर्यंत. मात्र आधी घरी जाऊन वडिलांना आणि मुलीला विचारा. सुऱ्हावर्दी कबूल झाले. १३ ऑगस्टला दोघं बेलियाघाटा भागातल्या 'हैदरी मंझिल' नावाच्या पडक्या घरात राहायला गेले. भोवती चिखल, आणि दारात हिंदू तरुणांचा संतापलेला जमाव. "गेल्या वर्षी आमच्यावर बेतली तेव्हा कुठे होता?" असा त्यांचा सवाल. हा सवाल काही खोटा नव्हता. दुखावलेल्या माणसाचं गाऱ्हाणं खरं असतं, आणि समेट करणाऱ्यानं ते उडवून लावलं की त्याचं काम तिथंच संपतं. गांधीजींनी त्यांना आत बोलावलं आणि बराच वेळ बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले. अखेर त्यातलेच काही पोरगे घराच्या राखणीला उभे राहिले.

१४ तारखेच्या रात्री जमाव सुऱ्हावर्दींचं नाव घेऊन ओरडू लागला. गांधीजी त्यांना खिडकीशी घेऊन आले. खालून कुणीतरी विचारलं, गेल्या वर्षीच्या कत्तलीला तुम्हीच जबाबदार ना? सुऱ्हावर्दी म्हणाले, आपण सारेच जबाबदार आहोत. विचारणारा काही सोडीना. मग त्यांनी, हो, जबाबदारी माझीच होती, असं सर्वांसमक्ष कबूल केलं. माझ्या मते समेटाचा खरा क्षण तो होता. दुसऱ्या दिवशी हिंदू-मुसलमान एकाच ट्रकवर चढून शहरभर घोषणा देत फिरले.

पण हर्ष म्हणजे हमी नव्हे. ३१ ऑगस्टच्या रात्री, मुसलमानांनी भोसकला म्हणून पट्ट्या बांधलेला एक माणूस घेऊन जमाव घरात घुसला. काचा फुटल्या, वीट फेकली गेली, काठी उगारली गेली. गांधीजी थोडक्यात वाचले. दुसऱ्या दिवशी शहर पुन्हा पेटलं. जीव घेऊन पळणाऱ्या गरीब मुसलमानांच्या ट्रकवर बाँब पडून दोघं मेले. गांधीजींनी ती प्रेतं जाऊन पाहिली, आणि त्याच संध्याकाळी सव्वाआठला उपोषण सुरू केलं.

राज्यपाल राजगोपालाचारी समजूत घालायला आले. गुंडांविरुद्ध कुठे उपोषण करतात का, असं त्यांनी विचारलं. गांधीजींचं उत्तर शिक्षकबंधूंनी वर्गात जरूर सांगावं. गुंड आपणच तयार करतो, म्हणाले. सभ्य माणसांची मूक संमती नसेल तर त्यांना उभं राहायला जागा मिळणार नाही. (त्याच रात्रीची आणखी एक गंमत. पाण्यात लिंबाचा रस घेईन, असं निवेदनात लिहिलेलं होतं. सगळा भार देवावर टाकलाय तर लिंबू कशाला, असं राजाजींनी विचारलं. गांधीजींनी ते शब्द खोडले. दोघंही पक्के वकील!)

या दिवसांत शांततेसाठी रस्त्यावर उतरलेले सचिन मित्र आणि स्मृतीश बॅनर्जी मारले गेले. उत्तर कलकत्त्यातल्या पोलिसांनी कामावर असतानाच एक दिवस उपास केला. ४ सप्टेंबरला सर्व पक्षांचे पुढारी एकत्र आले. त्यांना गांधीजींनी दोन गोष्टी विचारल्या. ही आग पुन्हा भडकणार नाही, असा शब्द देता का? आणि भडकलीच, तर ती विझवताना तुम्ही प्राण द्याल, का जिवंत राहून मला अपयशाची बातमी सांगायला याल? मंडळी शेजारच्या खोलीत गेली, आणि लेखी प्रतिज्ञेवर सह्या करून परत आली. त्र्याहत्तर तासांनी उपोषण सुटलं, तेव्हा फळाच्या रसाचा पेला सुऱ्हावर्दींनी पुढे केला.

आता तुम्ही म्हणाल, ही शांतता कायमची टिकली का? नाही टिकली. १९५० साली आणि पुन्हा १९६४ साली त्या भागात दंगली झाल्या. सह्या करणारे पांगले, काही वारले, आणि जुन्या कागदावर नवे जामीन कुणी घेतले नाहीत. कर्जाचंही असंच असतं. जामीन गेला की दुसरा आणावा लागतो.

७ सप्टेंबरला गांधीजी कलकत्त्याहून निघाले. पंजाबात जायचं होतं, पण दिल्लीच पेटलेली. तिथे जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा उपोषण, आणि १८ तारखेला पुन्हा सह्या. त्या कागदात काय होतं पाहा. मुसलमानांना सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंज या भागांत निर्धास्त फिरता येईल. बळकावलेल्या मशिदी परत दिल्या जातील. आणि मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन यांचा उरूस दरसालाप्रमाणे भरेल. २७ जानेवारीला तो उरूस भरला, आणि गांधीजी स्वतः तिथे गेले होते.