निंबादैत्याचे मनोगत



नववीत सरांनी निबंध दिला होता, 'मनोगत'. तुम्ही सगळ्यांनी फाटकी छत्री नाहीतर वडाचं झाड लिहिलं. मी पाथर्डी तालुक्यातल्या नांदूर निंबादैत्यचा, मी आमचा दैत्य लिहिला.

"मी निंबादैत्य. मारुतीशी माझी झुंज झाली, अंगाची चाळण झाली. पडल्या पडल्या रामाचा धावा केला, कारण मीही त्याचाच भक्त. रामानं हे गाव मला दिलं. तेव्हापासून इथं मारुतीचं देऊळ नाही, पोराला ते नाव नाही, दारात मारुती गाडीसुद्धा नाही (गाडीचं वाक्य आजचं हं, सर). पाडव्याला माझी यात्रा. म्हणतात दैत्य, पण नवस मलाच बोलतात."

दहापैकी सात मिळाले. एक गोष्ट लिहायची राहिली. त्या पाडव्याला वर्गातला मित्र गावी आला, नाव नेमकं मारुती. आजीनं उंबऱ्यातच त्याचा 'लक्ष्मण' केला आणि पोटभर पुरणपोळी वाढली. आम्ही भावंडं दिवसभर हसलो. परतीच्या एसटीत तो एवढंच म्हणाला, "तुझ्या दैत्याला माझं नाव चालत नाही, आणि मी जेवलेलं चालतं होय?"

तो तिसऱ्या रांगेत बसलाय. मारुती, आजी आता नाही. पाडव्याला ये. नाव मी बदलणार नाही, दैत्याचं मी बघून घेईन.