भरलेलं भांडं

श्रोतेहो, भांडं रिकामं असलं तर कलतं, निम्मं भरलं तर सरळ उभं राहतं आणि काठोकाठ भरलं की पालथं होतं! अशा एका भांड्याची गोष्ट चीनमधल्या श्युन त्झ या विचारवंताच्या ग्रंथात आहे. हा विचारवंत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात होऊन गेला.

लू राज्याच्या राजघराण्यातील एका पूर्वजाच्या मंदिरात कन्फ्यूशियसला हे भांडं दिसलं. त्यानं शिष्यांकडून त्यात पाणी ओतवून त्याचा गुण दाखवला. शिक्षक बंधुभगिनींनो, यात जादू नाही बरं का. असं भांडं दोन खुंट्यांवर झुलतं ठेवलेलं असतं. निम्म्या पाण्याचा भार खुंट्यांच्या खाली राहतो, म्हणून ते सावरतं. काठापर्यंत भरलं की भार खुंट्यांच्या वर जातो आणि तोल सुटतो.

तेव्हा त्झ-लू या शिष्यानं विचारलं, की भांडं भरलेलं असूनही सांडू नये, असा काही उपाय आहे का? कन्फ्यूशियसनं भांडं ओतून टाका, असं सांगितलं नाही. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा, की बुद्धी असेल तर ती मिरवू नये, पराक्रम असेल तर जपून वागावं आणि संपत्ती असेल तर नम्र राहावं.

हे आचरणात कसं येतं? युए राज्याच्या राजाला फान ली आणि वेन चुंग असे दोन कर्तबगार मंत्री होते. त्यांच्या साहाय्यानं राजानं इ. स. पूर्व 473 मध्ये वू हे शत्रुराज्य जिंकलं. स-मा च्येन हा इतिहासकार सांगतो, की यशाच्या ऐन शिखरावर फान ली पद सोडून निघून गेला. संकटात सोबत करणारा हा राजा सुखात सोबत करणारा नव्हे, असा इशारा त्यानं मित्रालाही पाठवला. वेन चुंगनं दरबारात जाणं थांबवलं, पण राज्य काही सोडलं नाही. पुढं राजानं त्याच्याकडे तलवार पाठवून त्याला आत्महत्या करायला लावली. इकडे फान ली व्यापारात शिरला. एकोणीस वर्षांत त्यानं तीनदा मोठं धन मिळवलं आणि दोनदा ते गरीब मित्रांना व दूरच्या नातलगांना वाटून टाकलं.

म्हणजे पाहा, त्यानं मिळवणं सोडलं नाही. भांडं काठाला येऊ दिलं नाही, इतकंच. मंडळी, आपल्यापाशी काही नसतं तेव्हा परिस्थितीच आपला हात धरते. सुगी चांगली साधली, पैसा आला, मान मिळाला, की तो हात आपला आपणच धरावा लागतो.