गवंड्याची दोरी आणि पायथागोरस

घराचा पाया आखताना गवंडीदादांना कधी बारकाईने पाहिलंय? कोपऱ्यात खुंटी ठोकतात. दोरीवर एका बाजूला 3 फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट भरलं, की कोपरा काटकोनात आला. वर्गात आपण हाच पायथागोरसचा सिद्धांत फळ्यावर मांडतो, मुलं तो पाठ करतात, आणि हे कुणाच्या तरी रोजच्या कामाचं गणित आहे, हे सांगायचं मात्र राहून जातं.

खरं तर कामांची अशी ओळख हेच करिअर मार्गदर्शन; पण ते म्हटलं की दहावीच्या निकालानंतरचं व्याख्यान आठवतं. मला वाटतं, तोवर फार उशीर झालेला असतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं, असं सुचवलंय. पुणे जिल्ह्यात पाबळला तर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्येच विज्ञान आश्रम उभारून हातांनी काम करत शिकण्याची वाट पाडली.

शिक्षकहो, कामांची ही ओळख करून द्यायला वेगळा तास नको. क्षेत्रफळ शिकवताना फरशी बसवणाऱ्या कारागिराला वर्गात बोलवा. 8 बाय 10 च्या खोलीला 2 बाय 2 च्या फरश्या 20 लागतात, हे मुलं सांगतील. तुटफुटीसाठी वर किती घ्यायच्या, ते काका सांगतील. आणि मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारेल, "काका, हे काम मुलींना शिकवाल का?"