पाखरं राखता राखता पाखरं पाहूया

आज एका अशा छंदाबद्दल बोलायचंय, ज्याला पैसा लागत नाही आणि वेगळा वेळही काढावा लागत नाही. तो म्हणजे पक्षी पाहणं.

तुम्ही म्हणाल, ही तर शहरातल्या लोकांची, गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्यांची हौस. पुण्यात आम्ही सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून पाषाण तलावावर, वेताळ टेकडीवर जातो, हे खरंच. पण आम्हाला जे पुस्तकात शोधावं लागतं, ते तुमच्यातल्या कितीतरी जणींना लहानपणापासून ठाऊक आहे. ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की हाकारे घातलेत ना? टिटवी उघड्या रानात अंडी घालते, हे खुरपताना पाहिलंय ना? मग निम्मा छंद तुम्हाला येतोच.

उरलेला निम्मा म्हणजे जरा थांबून नीट पाहणं. आपली सुगरण घ्या. नाव बाईचं, पण विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारा खोपा विणतो नर. खोपा अर्धा झाला की मादी येते, तपासते आणि पसंत पडला तरच संसार मांडते! 'कुहू कुहू' करतो तोही नर कोकीळ. मादी तपकिरी, ठिपक्यांची. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते.

नवखा पक्षी दिसला की स्वतःला विचारा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच आखूड-जाड की लांब-बारीक? शेपटी हलवतो का? बसला कुठे? हे सगळं तारीख घालून जुन्या वहीत उतरवा. नाव नंतर कळेल. लिहिता येत नसेल तर तुम्ही सांगा, नातवंडं लिहितील. मात्र घरट्याजवळ जायचं नाही, अंड्यांना हात लावायचा नाही.

हा छंद म्हातारपणीही सोडून जात नाही. सालिम अलींना लहानपणी गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी मिळाली. ही कोणती, हे विचारायला ते गेले आणि १९८७ मध्ये नव्वदीत वारले, तोवर पक्ष्यांत रमले. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबरचा, आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा ५ नोव्हेंबरचा. म्हणून त्या आठवड्यात राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो.

आता वही कशाला, ते सांगते. पुण्याच्या खालच्या अंगाला, मुळा-मुठेवर कवडीपाटला हिवाळ्यात लडाख-तिबेटकडून चक्रवाक येतात. तिथंच शहराचं सांडपाणी आणि प्लास्टिकही वाहत येतं. तेच पाणी पुढे भीमेतून उजनीत जातं, वाटेतल्या शेतांना मिळतं. कोणता पक्षी कधीपासून येईनासा झाला, हे ज्यानं लिहून ठेवलंय त्यालाच ठामपणे सांगता येतं. "पूर्वी खूप पाखरं असायची" एवढं म्हटलं तर ग्रामसभेत कोणी मनावर घेत नाही. पाच वर्षांच्या तारखांची वही पुढे ठेवली, तर बाईचं बोलणं असं उडवून लावता येत नाही.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की प्रत्येकीनं महिन्यात पाहिलेलं एक पाखरू सांगायचं आणि एकीनं ते वहीत लिहायचं. सुरुवात दारातल्या चिमणीपासून करा.