पाठ आधी कागदावर



गुरुजींसमोर कॅमेरा ठेवला की संगणकावरचा पाठ तयार झाला, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. पाठ आधी कागदावर उतरावा लागतो.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहा. तेथे सुमारे 10 मिनिटांच्या पाठाची संहिता दोन रकान्यांत लिहितात. एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलले जाईल. शिकणाऱ्याने अर्ध्या पडद्यावर पाठ लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून पाहायचे, अडल्यास पाठ थांबवायचा. मराठीतही असे पाठ आहेत. उतरवून घेतले की इंटरनेटवाचून चालतात.

पण खरी मोलाची गोष्ट निराळीच. ध्वनिमुद्रणापूर्वी ती संहिता नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तो अडेल तेथे पाठ दुरुस्त होतो. आमच्या बँकेत स्लिप भरताना कोणी अडला की लोक त्यालाच अडाणी म्हणतात, स्लिपला कोणी नावे ठेवीत नाही! घरात पहिल्यांदाच शिकणारी आपली मुलेही पाठ समजला नाही की स्वतःलाच 'ढ' ठरवतात आणि पुस्तक मिटतात.

दिग्रसच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज कसा भरावा, एवढा एकच पाठ घ्या. दोन रकाने आखा. तो कागद नुकत्याच अकरावीत गेलेल्या मुलीच्या हाती द्या. मध्ये समजावू नका. दाखल्याची प्रत जोडताना ती थांबली, तर त्या ओळीवर खूण करा.