गाठ किती पसरली? एमआरआय की सीटी

घाटंजीच्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान झालं, की यवतमाळ-नागपूरच्या वाऱ्या सुरू होतात. तुकडा तपासून रोग कळतो. तो कुठवर पसरला, हे स्कॅन सांगतो.

सीटीत एक अडचण असते. गाठ आणि गर्भाशयमुखाचा निरोगी भाग बऱ्याचदा एकाच करड्या छटेत दिसतात, अगदी आयोडिनचं औषध शिरेतून देऊनही. एमआरआयमध्ये मात्र मुखाभोवतीचं काळं कडं स्पष्ट दिसतं. ते अखंड असेल, तर रोग बाजूच्या ऊतींत गेलेला नसण्याची शक्यता मोठी. शस्त्रक्रिया की किरणोपचार, हा निर्णय बराचसा त्यावर ठरतो. गॅडोलिनियमच्या इंजेक्शनाने लहान गाठीही उठून दिसतात.

म्हणून सीटी टाकाऊ नव्हे! ती मिनिटांत होते, स्वस्त पडते. फुप्फुसं, यकृत, वाढलेल्या लसिकाग्रंथी, मूत्रनलिका दबून सुजलेली किडनी दाखवते. २०१८पासून ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या रोगाच्या टप्प्यांतही स्कॅनचे निष्कर्ष धरले जातात.

घरून निघतानाच किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पिशवीत टाकावा. किडनी अशक्त असेल, पेसमेकर बसवलेला असेल किंवा पूर्वी स्कॅनच्या इंजेक्शनाची ॲलर्जी झाली असेल, तर ते तंत्रज्ञाला आधीच सांगावं.