न दिसणाऱ्या दुकानाची सचोटी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



व्यापार हा आमचा प्रांत नव्हे. आमची हयात खडू आणि फळा यांच्या संगतीत गेली. तरीही मंडळाच्या चिटणिसांनी या विषयावर चार शब्द बोलण्याचा आग्रह धरला, त्यास कारण आहे. आपल्या ज्ञातीतील तरुण मंडळी, आणि विशेषेकरून आपल्या लेकी-सुना, आज घरबसल्या मोबाइलवरून व्यापार करू लागल्या आहेत. कोणी बागेतील हापूस पेटीने पाठवितो, कोणी आमसुले, मेतकूट व कुळथाचे पीठ विकते, कोणी साड्यांचा व्यवहार करते. नोकरीकडे डोळे लावून बसण्याची सवय जडलेल्या आपल्या समाजास ही गोष्ट खचितच भूषणावह आहे. परंतु ज्या व्यापारात दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची जन्मात गाठ पडत नाही, त्यात सचोटी राखावी कशी, याचा विचार आपण सर्वांनी मिळून केला पाहिजे.

बाजारपेठेतील दुकानात गिऱ्हाईक तांदूळ तळहातावर घेऊन पाहते, साडीचा पदर उलगडते, आंब्याचा वास घेते. ऑनलाइन खरेदीत यांपैकी काहीच नाही. समोर असते एक छायाचित्र आणि चार ओळींचे वर्णन. म्हणजे गिऱ्हाइकाने आपले डोळे, नाक आणि हात विक्रेत्याच्या स्वाधीन केलेले असतात. ही ठेव आहे, आणि ठेवीशी जसे वागावे तसेच तिच्याशी वागले पाहिजे. आमचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे.

हा प्रश्न सर्वस्वी नवा आहे असेही नाही. आपल्या देशात टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. मासिकातील जाहिरात वाचून पत्र टाकावे आणि पोस्टमनच्या हाती पैसे देऊन पुडके सोडवून घ्यावे, हा क्रम आपल्यापैकी पिकल्या केसांच्या मंडळींस आठवत असेल. आत काय निघेल हे पुडके फोडल्यावरच कळे. साधन बदलले, भरवसा मात्र त्याच जागी उभा आहे.

आता हापूसचेच उदाहरण घेऊ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावास अधिक भाव येतो, म्हणूनच परप्रांतीचा आंबा त्या नावाखाली खपविण्याचा मोह होतो. परप्रांतीचा आंबा विकणे हा अपराध नव्हे. तो कोठला आहे हे लपविणे हा अपराध आहे. दुसरी गोष्ट पिकविण्याची. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. पेंढ्याच्या अढीत आंबा पिकावयास दिवस लागतात, तेव्हा ‘उद्याच पाठवितो’ असे वचन देण्यापेक्षा ‘आठ दिवस थांबा’ असे सांगणारा विक्रेता अधिक विश्वासाचा समजावा. तिसरी गोष्ट साक्याची. साका फळाच्या पोटात असतो; बाहेरून तो बागायतदारासही दिसत नाही. मग प्रामाणिक मनुष्याने करावे काय? पेटी विकण्यापूर्वीच लिहून टाकावे की, एखाद्या फळात साका निघू शकेल; निघाल्यास कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवा, तेवढ्या फळाची किंमत परत करू. आपल्या मालातील उणीव गिऱ्हाइकाच्या आधी आपण सांगितली, की ती उणीव राहते, फसवणूक राहत नाही.

कायद्यानेही या बाबतीत आपल्याला वाट आखून दिली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली ई-व्यापाराचे नियम झाले. त्यांचा सारांश कोणत्याही सुजाण गृहिणीस पटेल असाच आहे. विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व संपर्काचे साधन उघड लिहावे. सर्व आकार धरून एकूण किंमत आधी सांगावी. तक्रार आल्यास ४८ तासांत तिची पोच द्यावी व महिन्याच्या आत निकाल लावावा. माल सदोष किंवा वर्णनाहून निराळा निघाल्यास तो परत घेण्यास नकार देऊ नये. खाद्यपदार्थ विकणाऱ्या भगिनींनी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करून तिचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा. घरच्या चुलीवर केले म्हणून नोंदणीतून सूट मिळत नाही.

२०२३ साली सरकारने फसव्या युक्त्यांचे १३ प्रकार नावानिशी निषिद्ध ठरविले. कोठीत पन्नास डबे असताना ‘फक्त दोनच शिल्लक’ असे लिहून गिऱ्हाइकास घाई करावयाची, किंवा प्रथम लहान किंमत दाखवून पैसे देतेवेळी एकेक आकार वाढवीत न्यावयाचा, हे त्यांतलेच. बाजारात या युक्त्यांस हुशारी म्हणतात. शाळेत आम्ही त्यास लबाडी म्हणत आलो.

आता थोडे कटू बोलतो, त्याची आधीच क्षमा मागतो. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर मधूनमधून अशी विनंती येते की, अमक्यांच्या चिरंजीवांनी विक्री सुरू केली आहे, सर्वांनी पाच तारे द्यावेत व चांगला अभिप्राय लिहावा. ज्यांनी तो माल डोळ्यांनी पाहिलेला नाही, अशी चाळीस माणसे ज्ञातिप्रेमाने ‘उत्कृष्ट’ असे लिहून मोकळी होतात. बंधूंनो, हे प्रेम नव्हे. ही न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष आहे. दूर नागपुरास बसलेली एखादी विधवा भगिनी ते चाळीस अभिप्राय वाचून आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतून पैसे पाठविते. तिला त्या चाळिसांचे आपसांतील नाते ठाऊक नसते. विक्रेत्याने गिऱ्हाइकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहू नयेत, असे वर सांगितलेले नियमच म्हणतात. ते सोंग आप्तांकरवी वठविल्याने पवित्र होत नाही. ज्ञातीने मदत अवश्य करावी, पण ती अशी : माल विकत घ्यावा, पूर्ण दाम द्यावा, वापरून पाहावा, आणि मीठ अधिक झाले असेल तर तसे त्या मुलीस मोकळेपणी सांगावे. तिच्या व्यापारास चाळीस खोट्या ताऱ्यांपेक्षा असली एक खरी तक्रार अधिक उपयोगी पडेल.

सचोटी एकतर्फीही असू नये. घरपोच रोखीने माल मागवून तो दारावर आल्यावर ‘आता नको’ म्हणणारी गिऱ्हाइके आपल्यातही आहेत. जाण्यायेण्याचा भुर्दंड त्या बिचाऱ्या विक्रेत्यास बसतो. ‘ओळखीचे आहात’ म्हणून महिनोन्महिने पैसे थकविणारेही आहेत. तसेच आपल्या मुलामुलींनी भोळेपणाने नागवले जाऊ नये. यूपीआयने पैसे स्वीकारण्यास पिन कधीही द्यावा लागत नाही. ‘पैसे पाठवितो, पिन टाका’ म्हणणारा ठक समजावा. पैसे मिळाल्याचे चित्र कोणी पाठविले तरी आपल्या खात्यात रक्कम जमा झाल्याची खात्री केल्यावाचून माल हलवू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे, आणि गिऱ्हाईक म्हणून तक्रार असेल तर १९१५ हा क्रमांक आहे.

कोणी म्हणेल, एवढी पथ्ये पाळून नफा राहील काय? पहिल्या वर्षी कदाचित थोडाच राहील. परंतु आंब्याचा मोसम दर वर्षी येतो आणि गिऱ्हाइकाची आठवण पक्की असते. ज्याने गतवर्षी साक्याचे पैसे न मागता परत केले, त्याच्याकडे तो पुन्हा येतो आणि येताना शेजाऱ्यासही आणतो. हे धन कोणत्याही जाहिरातीने विकत मिळत नाही.

मंडळास आमची एकच सूचना आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील उद्योजकांची यादी छापावी, व तीत नाव, पूर्ण पत्ता, नोंदणी क्रमांक आणि माल परत घेण्याची अट लिहून देणाऱ्यांसच स्थान द्यावे. मग त्या यादीतील नाव हीच एक हमी ठरेल.